पाठीवरची पखाल: सॅकमधली पाण्याची पिशवी टिकाऊ आहे हे ओळखायचं कसं?

पाऊस ओसरला, की ट्रेकच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "ब्लॅडर कुठली घेऊ?" उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो, महागातली घे, पुन्हा बघायला नको. दुसरा म्हणतो, सगळ्या सारख्याच, दोन ट्रेकमध्ये गळायला लागतात. दुकानात काही शे रुपयांची आणि काही हजारांची पिशवी शेजारीशेजारी टांगलेली असते. वरवर पाहिलं तर दोन्ही निळसर, पारदर्शक, नळीवाल्या. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे कुणी सांगत नाही.

मला हे राजगडावर कळलं, आणि तेही उशिरा. डिसेंबरची थंडी, पद्मावती माचीवर मुक्काम. सॅक उघडली तर तळाला पाणी आणि स्लीपिंग बॅग अर्धी भिजलेली. रात्रभर कुडकुडत काढली. घरी आल्यावर ती पिशवी फेकून दिली आणि दुप्पट किमतीची दुसरी घेतली. तिसऱ्याच ट्रेकला तीही गळली. तेव्हा कुठे ती फुगवून बादलीत बुडवली, सायकलवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो तशी. पिशवीचं अंग शाबूत होतं. बुडबुडे येत होते झाकणाच्या कडेतून, कारण आतला वायसर एका जागी दुमडून बसला होता. फेकून दिलेल्या पहिल्या पिशवीचंही बहुधा तेच झालं असावं.

आपल्याकडे म्हण आहे, दुखणं हाल्याला नि इंजेक्शन पखालीला. मी अगदी तेच केलं होतं. पिशवी घेताना आपण प्लास्टिक किती जाड ते चिमटीत धरून बघतो, पण पाणी गळतं ते सांध्यांतून. कडा, झाकण, नळीचा जोड ही तीन ठिकाणं नीट बघता आली, की किमतीतला फरक आपोआप कळायला लागतो.

ब्लॅडर म्हणजे काय?

सॅकच्या आत, पाठीला लागून बसणारी दोन-तीन लिटरची मऊ पिशवी म्हणजे ब्लॅडर. तिच्या तळातून निघालेली नळी खांद्यावरून छातीपर्यंत येते. नळीच्या टोकाला सिलिकॉनचं बोंडूक असतं, त्याला बाइट व्हॉल्व्ह म्हणतात. दातांनी हलकेच दाबलं की त्याची फट उघडते, ओढलं की पाणी येतं, सोडलं की फट मिटते. चालता चालता, हात मोकळे ठेवून पाणी पिता येतं, एवढाच तिचा उपयोग. पण कातळातल्या पायऱ्या चढताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा तो उपयोग फार मोठा वाटतो.

कल्पना जुनीच आहे. हाल्याच्या पाठीवर कातडी पखाल असायची, भिस्त्याच्या खांद्यावर मशक. आजच्या नळीवाल्या पिशवीची गोष्ट मात्र अमेरिकेतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावी भर उन्हाळ्यातल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकल आयडसन नावाच्या स्वाराने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, पाठीवर अडकवली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. नळी बंद करायला कपडे वाळत घालायचा चिमटा. त्यातूनच कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली.

फुटते कुठे? करंजी आठवा

करंजी तळताना कुठे फुटते? पोटात क्वचितच. फुटते ती कडेला, जिथे मुरड नीट पडलेली नसते तिथे. पाण्याच्या पिशवीचंही तसंच आहे. प्लास्टिकचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवून कडा उष्णतेने किंवा उच्च वारंवारतेच्या विजेने वितळवून एकजीव करतात. याला वेल्डिंग म्हणतात. पिशवीत पाणी भरलं की ती फुगते आणि दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून दूर जायला बघतात. सगळा ताण त्या कडेच्या आतल्या रेषेवर येतो.

हा ताण सोलणारा असतो. सेलोटेपची पट्टी टेबलाला चिकटवून आडवी ओढली तर जाम निघत नाही, पण एक टोक उचलून सोलली तर सहज निघते. गोंद तोच, चिकटलेली जागा तेवढीच; पण सोलताना सगळी ताकद एका बारीक रेषेवर येते. म्हणून पापुद्रा कितीही जाड असला, तरी कडेचा सांधा कच्चा असेल तर जाडी कामाची नाही.

पाण्याचा दाब मुळात किती असतो? उभ्या पिशवीत चाळीस सेंटिमीटर पाणी असेल, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला फक्त ४० ग्रॅम भार. एवढ्याने काही फुटत नाही. पण मुक्कामी कुणीतरी सॅकवरच बसकण मारतं. सत्तर किलोच्या माणसाचा भार तीनशे चौरस सेंटिमीटर जागेवर आला, तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळपास सहापट. आणि द्रवाचा स्वभाव असा, की एका जागी दाबलं तरी तो दाब सगळीकडे सारखा पसरवतो. माणूस बसतो मधोमध, फाटते कडा. एसटीच्या टपावरून सॅक खाली टाकली की तेच होतं, फक्त क्षणात.

आता दुकानात काय बघायचं ते सांगतो. पिशवी उजेडासमोर धरा. कडेची वितळवलेली पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची हवी. तिच्यात बुडबुडे, सुरकुती किंवा पांढुरकी, जळाल्यासारखी रेघ दिसली तर ती पिशवी परत ठेवा. कोपरे गोलाकार हवेत, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. काही पिशव्यांना मधोमध एक उभी वेल्डची रेघ असते. पिशवी फुटबॉलसारखी फुगू नये, पाठीला सपाट बसावी यासाठी ती असते, आणि चांगली असते. फक्त त्या रेघेचं टोक गोल ठिपक्यात संपलं आहे ना, ते पाहा. सरळ तुटक संपलेल्या रेघेपासून चीर सुरू होते.

प्लास्टिक कुठलं?

पाकिटावर इंग्रजी आद्याक्षरं असतात. त्यातली तीन ओळखता आली तर पुरे.

पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. ती हळूहळू निघून जातात आणि प्लास्टिक ताठ होऊन घड्यांवर चिरतं. जुना रेनकोट किंवा डायनिंग टेबलावरचं आच्छादन असंच होतं. नव्या पिशवीला उग्र वास येत असेल आणि पाकिटावर कशाची बनली आहे याचा पत्ताच नसेल, तर मी ती घेत नाही.

पीईव्हीए आणि पॉलिथिलीन ही स्वस्त आणि मध्यम पिशव्यांत सापडतात. पॉलिथिलीनची चांगली पिशवी हलकी असते, पाण्याला चव येत नाही. पण फाटली तर दुरुस्त होत नाही, कारण पॉलिथिलीनला बहुतेक गोंद धरतच नाहीत.

टीपीयू, म्हणजे उष्णतेने वितळवून घडवता येणारं पॉलियुरेथेन, हे सगळ्यांत चिवट. ओढलं तर रबरासारखं ताणतं आणि परत येतं, घासण्याला टिकतं, थंडीत कडक पडत नाही, वेल्डही नीट घेतं. महागड्या पिशव्या बहुधा याच्या असतात आणि इथे जास्तीचे पैसे देणं मला पटतं.

पण टीपीयूतही दोन जाती आहेत आणि पाकिटावर हे सहसा लिहिलेलं नसतं. एक पॉलिएस्टरपासून बनतं, दुसरं पॉलिईथरपासून. ओल आणि उष्णता एकत्र आली की पहिल्या जातीच्या साखळ्या तुटत जातात. तुम्ही हे पाहिलेलं आहे. चार वर्षं कपाटात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट पायात घातले आणि गडाच्या अर्ध्या वाटेत तळवा भुगा होऊन निघाला, किंवा जुन्या सॅकचा आतला थर हाताला चिकचिक लागला, तर ते याच कारणाने. मुंबई-कोकणच्या दमटपणात हा प्रकार लवकर होतो. पाण्याच्या पिशवीला तर ओल कायमचीच. म्हणून उत्पादकाच्या माहितीत "पॉलिईथर" शब्द दिसला, तर त्या पिशवीला माझं झुकतं माप.

आणखी एक वेगळी जात आहे: आतून पॉलियुरेथेनचा थर आणि बाहेरून जाड नायलॉन कापड असलेली पिशवी. एमएसआरची ड्रोमेडरी ही तिच्यातली प्रसिद्ध. तिचं कापड १००० डेनियरचं असतं. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जेवढा मोठा, तेवढा धागा जाड. अशी पिशवी खडकावर ठेवली, ओढली तरी दाद देत नाही. पण ती जड असते आणि आतून किती स्वच्छ आहे हे दिसत नाही. मुक्कामाचं पाणी साठवायला उत्तम, रोज पाठीवर वागवायला मला ती जरा अवजड वाटते.

आणि "बीपीए-मुक्त" हा शिक्का? बीपीए हे रसायन मुख्यतः पॉलिकार्बोनेटच्या कडक बाटल्यांत आणि डब्यांच्या आतल्या इपॉक्सी थरात वापरलं जातं. पॉलिथिलीनच्या किंवा टीपीयूच्या मऊ पिशवीवर तो शिक्का असणं ठीकच आहे, पण त्यावरून पिशवी टिकेल की नाही हे कळत नाही.

झाकण, वायसर आणि नळी

पिशवीची तोंडं दोन प्रकारची. एक बरणीसारखं, आटे असलेलं गोल झाकण. दुसरं म्हणजे वरची पूर्ण कड उघडी, ती दुमडायची आणि तिच्यावर प्लास्टिकची पट्टी सरकवायची.

आट्यांचं झाकण गडावरच्या टाक्यात एका हाताने धरून भरायला सोपं. त्याचा जीव वायसरमध्ये असतो. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते, तसाच हा प्रकार. वायसर हाताने काढता येतो का, आणि सुटा विकत मिळतो का, हे दुकानदाराला विचाराच. झाकण तिरकं बसण्याची खोडही याच प्रकारात असते. म्हणून आधी उलट्या दिशेने पाव फेरा फिरवायचा. आटे जागेवर आले की टक् असं हलकंसं जाणवतं, मग आवळायचं.

सरकपट्टीच्या तोंडात वायसर नसतो, त्यामुळे बिघडण्यासारखं कमी. पूर्ण हात आत जातो, काही पिशव्या तर मोज्यासारख्या उलट्या करून वाळवता येतात. पट्टी तेवढी दोरीने पिशवीला बांधलेली हवी, नाहीतर ती एके दिवशी टाक्यात पडते आणि पिशवी निकामी. घरच्या स्वच्छतेच्या सोयीसाठी मी आता हाच प्रकार वापरतो.

नळी जिथे पिशवीला जोडते, ती जागा मोबाइलच्या चार्जरसारखी. वायर मध्ये तुटत नाही, पिनेच्या मानेशी तुटते, कारण तिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो आणि प्रत्येक वेळी तिथेच वाकतं. पिशवीतही कडक प्लास्टिकची चकती मऊ पापुद्र्याला वेल्ड केलेली असते. नळी धरून हलकेच पिळा आणि चकतीभोवती पांढरी रेघ उमटते का बघा. नळी खटक्याने सुटी होणारी असेल, तर सॅकमधून पिशवी काढताना ही मान वाचते. अशा जोडात नळी काढल्यावर पाणी आपोआप बंद होतं.

उरला बाइट व्हॉल्व्ह. तो वापराने झिजतो, चावून फाटतो, हे गृहीतच धरायचं. त्याला बंद करायची कडी हवीच हवी. सॅक एसटीत पायाशी ठेवली, वर दुसरी सॅक आली, व्हॉल्व्ह दाबला गेला आणि तो पिशवीपेक्षा खालच्या पातळीवर असला, की वक्रनलिकेच्या नियमाने पिशवी शांतपणे रिकामी होत राहते. लोक याला गळती म्हणतात आणि पिशवीला दोष देतात.

शिकाऱ्यांच्या सॅकमधून कळलेलं

या पिशव्यांबद्दल नेटवर वाचायला गेलं, की अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे अनुभव भरपूर सापडतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण कोलोरॅडो, आयडाहो, मोंटानाच्या डोंगरात परवाना घेऊन एल्कच्या मागे जाणारे लोक पिशवीची जी कसोटी घेतात, तशी दुसरं कुणी क्वचितच घेत असेल.

एल्क हे सांबराच्या कुळातलं, पण त्याहून मोठं हरीण. त्याचं मांस एका फेरीत खाली येत नाही. पंचवीस-तीस किलोचा एकेक भाग सॅकच्या चौकटीला बांधून आणावा लागतो, आणि पिशवी त्या ओझ्यात नि पाठीत सापडते. तिथे कच्ची कड पहिल्याच फेरीत उघडी पडते. आपल्यापैकी जे तंबू, दोर, भांडी घेऊन अलंग-मदन-कुलंगला जातात, त्यांच्या पिशवीची गत वेगळी नसते.

त्यांची दुसरी अडचण आवाजाची. अर्धी भरलेली पिशवी चालताना डुचमळते आणि जनावर सावध होतं. डुचमळ होते ती आतल्या हवेमुळे. पिशवी भरून बंद केल्यावर उलटी धरायची आणि नळीने हवा ओढून घ्यायची, आवाज बंद. आपल्याला आवाजाचं भय नसलं तरी हे करावं, कारण डुचमळणारं पाणी चिंचोळ्या कड्यावर तोल हलवतं.

तिसरी अडचण गोठण्याची. नळी पिशवीपेक्षा खूप आधी गोठते. प्यायल्यावर व्हॉल्व्हमधून फुंकर मारून नळीतलं पाणी पिशवीत परत ढकलणं हा त्यांचा उपाय. हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्या मंडळींनी तो आत्ताच शिकून घ्यावा. सह्याद्रीत उलटी गंमत: मार्च-एप्रिलच्या उन्हात नळीतलं पाणी चहासारखं तापतं. मीटरभर लांब, सहा मिलिमीटर पोकळ नळीत जेमतेम २८ मिलिलिटर पाणी असतं. त्याने तोंड धुवायचं, पुढचा घोट गार येतो.

"पण साधी बाटली काय वाईट?"

काहीच वाईट नाही. कडक बाटली सोपी, धुवायला हलकी, फुटायला अवघड. पिशवीचा खरा दोष असा, की किती पाणी उरलं ते दिसत नाही आणि नळी अचानक कोरडी पडते. म्हणून सगळं पाणी एका पिशवीत कधीच नको. तीन लिटर लागणार असेल तर दोन पिशवीत, एक बाटलीत. उन्हाळ्यात गडावरची बरीच टाकी आटलेली किंवा पिण्याजोगी नसलेली असतात. तिथे कडेतून गेलेलं पाणी परत मिळत नाही.

लिंबूसरबत, ओआरएस, ग्लुकोज हेही बाटलीतच. पिशवीत फक्त पाणी. साखर नळीत राहिली की दोन दिवसांत आतून बुळबुळीत थर धरतो.

"काट्यांनी फुटेल ना?"

करवंदीच्या जाळीतून, घाणेरीतून जाताना ही भीती सगळ्यांना वाटते. पण पिशवी सॅकच्या आत, पाठीकडच्या कप्प्यात असते. काटा तिथवर पोचायच्या आधी सॅकचं कापड असतं. भोकं पडतात ती बहुतेक आतून: चाकू, तंबूच्या खुंट्या, स्टोव्हचे पाय, किल्ल्या. म्हणून पिशवीचा स्वतंत्र कप्पा नसलेली सॅक असेल, तर पिशवी आणि सामान यांच्यात टॉवेलची घडी घाला.

टीपीयूच्या पिशवीला भोक पडलंच, तर पॉलियुरेथेनचा गोंद आणि त्याच जातीचं ठिगळ बाहेरून लावता येतं. फेविक्विक लावू नका. ते वाळल्यावर काचेसारखं कडक होतं आणि पिशवी पहिल्यांदा वाकली की तडकतं.

"आणि बुरशी?"

बऱ्याच पिशव्या फाटून नाही, काळ्या ठिपक्यांनी फेकल्या जातात. ट्रेकवरून आल्या रात्रीच पाणी ओता. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पिशवी आणि नळी धुवा. उकळतं पाणी नको, वेल्ड मऊ पडतात. नळीसाठी दोऱ्याला एका टोकाला छोटं वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधीची गाठ बांधून आरपार ओढायचं, नाडी ओवतो तसं. पिशवीच्या तोंडात लाकडी उलथनं आडवं घालून ती उघडी टांगायची. पावसाळ्यात काही केल्या वाळतच नसेल, तर पाणी झटकून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही.

आजीवन हमी देणाऱ्या कंपन्या आहेत, पण हमीत व्हॉल्व्ह आणि वायसर धरलेत का ते वाचा. मला हमीपेक्षा सुटे भाग पुण्या-मुंबईच्या दुकानात मिळतात का, हे जास्त मोलाचं वाटतं.

नवी पिशवी आणली की पहिल्याच ट्रेकला नेऊ नका. काठोकाठ भरा, हवा काढा, बाहेरून कोरडी पुसा आणि ओट्याजवळ फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर आडवी ठेवा. वर पोळपाट, पोळपाटावर पाच किलोची तांदळाची पिशवी. झाकण, नळीचा जोड आणि व्हॉल्व्ह यांच्याखाली वेगवेगळे कागद ठेवा, म्हणजे ओल कुठली ते कळेल. सकाळी झाकणाखालचा कागद ओला दिसला, तर वायसर काढून पुसा, नीट बसवा आणि आणखी एक रात्र ठेवा. कडेखाली ओल असेल तर खटपट करू नका. बिल जपून ठेवलं असेल, ते घेऊन दुकानात जा.